दहाची पेज

दहा वाजता

गोव्यातल्या पेडण्यात दहा वाजले की माणसं पेज जेवतात. यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी सांगत नाही. शेतातला माणूस बांधावर बसतो. दुकानदार अर्धं दार ओढून घेतो. उकड्या तांदळाची, गरम, लोणच्याच्या फोडीबरोबर किंवा सुक्या बांगड्याबरोबर. मग पुन्हा काम.

आठवड्यातले तीन दिवस, दहा वाजता, याच तालुक्यातल्या चांदेलचे गोकुळदास गावस शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात मशीनला जोडलेले असतात. डाव्या हातात दोन सुया. एका नळीतून रक्त जातं, दुसरीतून येतं. मूत्रपिंडं रक्तदाबाने निकामी केली, आणि तो रक्तदाब कित्येक वर्षं कुणी मोजलाच नव्हता. शेत होतं, बैल होते, मग ट्रॅक्टर आला. डोकं दुखलं की सुंठ लावत.

खाटेसमोर भिंतीवर घड्याळ आहे. काटा दहावर आला की ते डोळे मिटतात. बायको कमलाक्षी बाहेर बाकावर बसलेली असते, मांडीवर पिशवी, पिशवीत सुका पाव.

घरी दहा वाजता असावं. एवढंच. दुसरं काही मागणं नाही.

रस्ता

काळोखात उठायचं, मुलगा सिद्धेश स्कूटरवरून हमरस्त्याला सोडतो, आधी त्यांना, मग परत येऊन आईला, मग बस, म्हापशाला दुसरी बस, मग हॉस्पिटलच्या फाटकापासून चालत. येताना हेच सगळं उलट, पण येताना अंगात काही उरलेलं नसतं, बसच्या जनेलाला डोकं टेकलेलं, कमलाक्षीच्या हातात उलटीची पिशवी, आणि एखादी बाई सीट देताना म्हणणार, काय झालं ओ यांना, आणि कमलाक्षी म्हणणार, काय नाय, उष्णता.

साहेब बोलतात

एक दिवस वॉर्डात साहेब आले. आरोग्य खात्यातले, वरचे. पांढरा शर्ट, सोबत फोटो काढणारा.

"राष्ट्रीय धोरणाचा गाभा असा की..."

पिंप पिंप पिंप.

सिस्टर धावली. कुणाची तरी नळी दुमडली होती.

"...की उपचार शेवटच्या माणसापर्यंत..."

"शेवटचा माणूस म्हंजे मीच की ओ," कोपऱ्यातल्या खाटेवरून मारुती म्हणाला. "माझ्यापुढं भिंतच हाय."

खाटा हसल्या. साहेबही हसले.

"बरोबर. अंतर हीच खरी विषमता आहे. हॉस्पिटलजवळ राहणारा आणि पेडण्याच्या टोकाला राहणारा, दोघांचा आजार एक, पण..."

पिंप.

"...पण थकवा एक नाही. म्हणून आता तालुक्यातच केंद्र."

गोकुळदासांनी डोळे उघडले.

अट

साहेब गेल्यावर डॉक्टरांनी खाटेखाटेपाशी येऊन समजावलं. पेडण्याचं केंद्र लहान असणार. सिस्टर असेल, मशीन चालवणारा असेल, डॉक्टर सगळा वेळ नसतील. म्हणून ज्यांची तब्येत स्थिर, त्यांनाच आधी तिकडे पाठवणार. पहिली पाळी पहाटेची. दहाच्या सुमारास मोकळे.

"स्थिर म्हणजे?" गोकुळदासांनी विचारलं.

"तुमचं कोरडं वजन ठरलेलं आहे. अंगातलं जादा पाणी सगळं काढल्यावर जे उरतं ते. दोन फेऱ्यांच्या मधे वजनाचा काटा त्याच्यावर थोडासाच चढला पाहिजे. तुमचा फार चढतो, काका. इतकं पाणी एकदम ओढलं की रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात. तिथे तसं झालं तर बघणार कोण?"

"पण मी पाणी पीत नाय."

"काटा वेगळं सांगतो."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. गोकुळदास छताकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस म्हणून आजवर त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"माझ्या काट्यालाबी असंच म्हणत्यात," मारुती म्हणाला. "काटाच पीत आसंल, काका."

मारुती

मारुती बेळगाव जिल्ह्यातला, घाटापलीकडचा. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर होता. आता तिथेच एका खोलीत राहतो, मालक सांगेल तेव्हा हलकं काम करतो. बायको नंदा आणि मुलगी गावाकडे. घर इथून काही फार लांब नाही, बसने सकाळी निघालं तर दुपारच्या आत. पण तिथे मशीन नाही.

"तालुक्याला आलंय म्हणत्यात," तो सांगायचा. "मशीन आलं, चालवणारा आला न्हाई. चालवणारा आला तवा पाण्याची टाकी न्हवती. आता टाकी बांधत्यात. मी म्हटलं मला बोलवा की, मी वेल्डिंग करून देतो."

"मग घरी केव्हा जातंस?"

"एक रात्र. पोरीला बघतो, नंदाच्या हातची भाकरी खातो, दुसऱ्या दिवशी निघतो. दुसरी रात्र ऱ्हायलो की पाय फुगत्यात. नंदा म्हणती, तुम्ही पावण्यापरास वाईट. पावणा दोन दिस तर ऱ्हातो."

तो हसायचा. गोकुळदासही हसायचे. मग दोघेही घड्याळाकडे बघायचे, एक जण दहाकडे, दुसरा नुसताच.

फक्त उत्तरं

आहाराचं बघणारी स्वाती कोल्हापूरकडची, नुकतीच डिचोलीत लग्न करून आलेली. तिने वरून छापून आलेला कागद समोर धरला आणि एकेक विचारत गेली.

पाणी, ही बाटली. सकाळी भरतो. रात्री तळाला उरते.

चहा सोडला.

दूध कधी आवडलंच नाही.

ताक नाही.

ज्यूस? कसला ज्यूस, बाय?

सूप म्हणजे काय? नाही. तसलं आमच्यात कोण करत नाय.

शहाळं नाही. माड दारात आहेत. वर बघतो आणि आत जातो.

सोलकढी गेली. हुमणातला मासा उचलतो, कढी तशीच.

लोणचं, सुकी मासळी, सगळं बंद. मिठाने तहान लागते म्हणून.

देवळात तीर्थ घेतो, पळीभर. तेपण सोडू काय?

सकाळी पाव. दुपारी भात. रात्री भात.

नाय, मधे मधे खायची सवय नाय.

शपथ कशाची घेऊ सांग.

स्वातीने कागद घडी घालून ठेवला. "मग कुठून चढतं, काका?" तिने विचारलं. दटावून नव्हे. तिलाही खरंच कळत नव्हतं.

सुट्टीचे दोन दिवस लागून आले की काटा सर्वांत वर असायचा. हेही तिने नोंदवलं होतं. घरी असले की चढतं. घरी पितात, असा त्याचा अर्थ होता. दुसरा काय असणार?

तांब्या

मशीनचा दिवस नव्हता. कमलाक्षी चुलीपाशी. आता गॅस आहे, पण पेज ती अजून मागच्या चुलीवरच करते. मूठभर उकडे तांदूळ धुतले, टोपात टाकले, तांब्याने पाणी ओतलं. आणखी एक. तांदूळ फुटायला लागले तसं आणखी थोडं.

बाजूला मेजावर बाटली होती. हॉस्पिटलने दिलेली, बाहेर रेघा असलेली. घरातलं सगळं पाणी त्या बाटलीने मोजायचं असं ठरल्यापासून ती घरात देवासारखी होती. कुणी हलवत नसे.

कमलाक्षीचा हात तांब्यावर थांबला.

पेज झाली. तिने नवऱ्याचा नेहमीचा वाडगा भरला. मग गाळणी घेतली, बाटली घेतली, आणि वाडग्यातली पेज गाळणीतून बाटलीत ओतली. शितं वर राहिली. खाली निवळ. बाटली गळ्यापर्यंत आली, आणि वाडग्यात अजून होतं.

आणि ते तर दुसरा वाडगाही घेतात. कमलाक्षीच वाढते. आणखी घ्या, अंगात काय ताकद उरली नाही, असं म्हणून वाढते.

"झाली काय गे?" बाहेरून आवाज.

"झाली."

तिने बाटलीतली निवळ परत वाडग्यात ओतली, शितं घातली, वाडगा नेऊन ठेवला. ते बसले. वाफ तोंडावर घेतली. पहिला घोट घेतला आणि त्यांचे खांदे खाली आले. गेल्या कित्येक महिन्यांत तेवढ्याच वेळी त्यांचे खांदे असे खाली यायचे.

ती दारात उभी राहून बघत होती. मीठ काढलं. मासळी काढली. नारळ काढला. ताक, चहा, कढी, सगळं या हातांनी ताटातून उचललं. आता हे?

त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही.

दाट

पुढच्या खेपेला एक तांब्या कमी. नको, अर्धाच.

मग आणखी थोडं.

"आज पेज दाट कशी गे?"

"तांदूळ नवे असत."

"हां."

दुसरा वाडगा तिने विचारला नाही. त्यांनी मागितला नाही.

मग आणखी थोडं कमी. आता पेज कुलेरीने, चमच्याने खावी लागायची. गोकुळदासांनी निमूट कुलेर घेतली.

तहान

तहान लागते तेव्हा सगळीकडे पाणीच दिसतं, म्हणजे रस्त्याच्या कडेला फुटलेला नळ, ज्याबद्दल ते सिद्धेशला रोज सांगतात की तक्रार कर आणि रोज तिथेच उभे राहतात, तिळारीचा कालवा, जो त्यांच्या शेताच्या वरून जातो आणि ज्यात त्यांनी एकदा भर उन्हात तोंड बुडवून पाणी प्यालेलं आहे, शेजारच्या बाबलीच्या गोठ्यातली बाल्दी आणि त्यात नाक बुडवणारी म्हैस, तिचं ते पिणं, मान न उचलता, हॉस्पिटलच्या छताला आलेला ओलीचा डाग, टीव्हीवरचा पूर, आणि या सगळ्यात एक वाडगा, पांढरट, वर साय धरलेला, ज्याला ते पाणी समजत नाहीत, कधी समजलेच नाहीत, तो तर फक्त दहा वाजता घरी असणं आहे, आणि जिभेला कोरड पडते तेव्हा मन नदीकडे, कालव्याकडे जात नाही, त्या वाडग्याकडे जातं.

काटा

काटा उतरला. पुढच्या फेरीला आणखी.

"काका, काय केलंत?" डॉक्टर खूश.

"काय नाय. बाटलीपण अर्धीच पितो." खरं होतं ते. स्वातीच्या कागदानंतर ते बाटलीही अर्धीच पीत होते. त्यांनी मान ताठ केली, मारुतीकडे बघून डोळा मिचकावला.

बाहेर बाकावर कमलाक्षीने स्वातीला थांबवलं.

"बाय, एक सांगू? पेज."

"पेज काय?"

"दहाला आम्ही पेज जेवतो. तांब्याने पाणी लागतं तिला. तुमच्या कागदावर नव्हती, म्हणून आम्हीपण..."

स्वाती बघत राहिली. "रोज?"

"रोज म्हणजे काय, रोज. मशीनचे दिवस सोडून."

"आमच्याकडे पेज आजारी माणसाला करतात. एरवी कोण खातं?"

"हेपण आजारीच ना, बाय." कमलाक्षी हसली आणि तिचे डोळे भरले. "त्यांना बोलू नका. मी कमी करत आणली आहे. त्यांना वाटतं आपण तहान मारून जिंकलं. वाटू दे."

स्वातीला ते पटलं नाही. रुग्णाला माहीत असलं पाहिजे, असं ती म्हणाली. पण काकूंचा हात तिच्या हातावर होता. ती "बरं" म्हणाली.

मग ती वॉर्डात गेली आणि गोकुळदासांना सोडून खाटेखाटेपाशी थांबली.

"दहाला काय खाता?"

"पेज."

"दहाला?"

"पेज आणि काय?"

"पेज. कित्या?"

"पेज गे बाय, तुझ्यासाठी आणू काय?"

मारुतीपाशी आली. "मला कशाला इचारताय? मी भाकरीचा गडी," तो म्हणाला. "पर भाकरीसंगं आमटी वाटीवाटीनं वरपतोय. आमटी चालती काय?"

कागद दिल्लीहून छापून आला होता. साऱ्या देशासाठी एकच. त्यात सूप होतं. स्वातीने बॉलपेनने खाली पेज लिहिलं, मग आमटी, मग हुमण. मग जागा संपली.

निरोप

गोकुळदासांचं नाव पेडण्याच्या केंद्राला लागलं. एक गोष्ट डॉक्टरांनी पुन्हा सांगितली. काटा लागोपाठ चढायला लागला तर परत इकडे.

शेवटच्या फेरीला सुया काढल्यावर ते मारुतीच्या खाटेपाशी गेले. हातावर कापूस दाबलेला.

"चललंव रे."

"चला. तुमचा गाव जवळ सरकला, काका. माझा तितंच हाय."

"तुझोपण सरकतलो."

"टाकी झाली म्हणं. आता लाईट न्हाई." मारुती हसला. या वेळी गोकुळदास हसले नाहीत. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी घाटापलीकडे असतो आणि तू चांदेलात, तर तुझं नाव लागलं असतं, असलं काही. ते म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"आमच्याकडे ये एकदा. पेडण्याक. आमची बायल भाकरी करता बरी."

"एक रात्र येतो," मारुती म्हणाला. "दुसरी नको."

तो भिंतीकडे वळला. मशीन सुरू होतं, त्यामुळे तेवढंच वळता आलं.

दहा वाजता

पेडण्याच्या केंद्रात नवीन रंगाचा वास होता. खिडकीतून रस्ता दिसायचा, ओळखीची माणसं दिसायची. उलटी झाली नाही. सिद्धेशने स्कूटर दारापर्यंत आणली. ऊन अजून पुरतं तापलं नव्हतं.

गोकुळदास आपल्या पायांनी आत आले, पाय धुतले, पाटावर बसले. बाबलीच्या घरातून ताटल्यांचा आवाज येत होता. त्यांच्याकडे पेजेची वेळ झाली होती.

"आज पातळ कर," ते म्हणाले.

कमलाक्षी टोपापाशी होती. वळली नाही.

"ऐकलंस? आज पयलो दीस. दहा वाजता घरात असंय. आज नवे तांदूळ नको, जुन्याची कर. आधीसारखी."

"पातळ केली तर परत तिकडे." तिचा आवाज चढला, तिचा तिलाच चढलेला वाटला. "तुम्हाला काय वाटतं, बाटलीने काटा उतरला? बाटली तुम्ही आधीपण धरूनच होतात. काटा पेजेने चढत होता. मी पाणी कमी केलं. तांदूळ नवे नाहीत. मी खोटं सांगितलं."

कमलाक्षीने पदर कमरेला खोचला, सोडला, परत खोचला.

"माका म्हायत असा," ते म्हणाले.

"काय?"

"माझ्या दुखण्यापायी शेत पडीक रवला. नवे तांदूळ खंयसून येतले?"

"दुकानातले म्हणून..."

"दुकानातले तांदूळ कधी नवे असतत?" ते हसले. "जन्मभर भात पिकवलंय गे मी. मूठ तीच आणि पाणी कमी, हे तोंडात गेल्यावर कळत नाय काय? पहिल्या दिवशीच कळलं. म्हटलं, ही काहीतरी करताहे. करू दे."

"मग आज कित्या मागता?"

दारातून रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे त्यांचं शेत, त्यात तण माजलेलं.

"मागून बघतंय," ते म्हणाले. "मागायचीपण सवय सुटली."

कमलाक्षीने टोप उतरवला. पेज तिने आधीसारखीच केली होती, तिच्या वाट्याची आणि त्यांच्या वाट्याची एकत्र, पातळ; आज पाणी कमी करायला तिचा हात धजला नव्हता. तिने डाव टोपाच्या कडेला टेकवून शितं निथळून घेतली आणि त्यांच्या ताटलीत घातली. भातासारखी. मग उरलेली निवळ तिने वाडग्यात ओतली आणि उचलून आत न्यायला निघाली.

"खंय चललंस?"

"आत घेते मी. तुमच्यासमोर कशाला?"

"बस."

"नको."

"बस गे. तू जेवतंस तेव्हा मी कधी बघूक नाय. मी जेवून उठायचो मगे तू बसायचंस."

ती बसली. समोरासमोर. तिने वाडगा उचलला, त्यांच्याकडे न बघता एक घोट घेतला. त्यांनी कुलेरीने शितं तोंडात घातली आणि चावत राहिले, हळूहळू, कोरडी शितं.

"गरम असा?"

"असा."

"मीठ?"

"घातलंच नाय मी. तुमचं बंद झाल्यापासून."

त्यांनी कुलेर खाली ठेवली. "मग लागते कशी?"

पेज कशी लागते हे कुणी कुणाला विचारत नाही. कमलाक्षीने आणखी एक घोट घेतला, तोंडात धरला. तिला जन्मात असलं काही सांगायची वेळ आली नव्हती. तिने गिळलं.

"तळाला थोडी करपली," ती म्हणाली.

"म्हणजे बरी लागत असणार," गोकुळदास म्हणाले. "आणि?"